काय चालतं, काय चालत नाही: यॉटपासून दरेकसापर्यंत

सकाळी बिलासपूरहून सुटलेली वंदे भारत छत्तीसगडची हद्द ओलांडते ती जंगलातच. बोरतलाव मागे पडतं, डोंगर जवळ येतात, गाडी बोगद्यातून जाते आणि महाराष्ट्रातलं पहिलं स्टेशन येतं दरेकसा. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं हे छोटं गाव. जवळच हाजरा धबधबा, पलीकडे कचारगडच्या गुहा, चारी बाजूंना मोह, तेंदू आणि बांबू. गाडी इथे थांबत नाही. पण दरेकसाच्या झाडीतून ती जात असते तेव्हा डब्यात नाश्त्याचे ट्रे फिरून गेलेले असतात. कुणाच्या ट्रेवर शाकाहारी, कुणाच्या मांसाहारी. कुणी तिकीट काढतानाच ‘जेवण नको’ या चौकटीवर खूण केलेली असते.

ती छोटी चौकट मला फार महत्त्वाची वाटते. पाहुणा यायच्या आधी ‘तुम्हाला काय चालतं?’ हे विचारणं तिच्यात आहे. जगातल्या सगळ्यात महागड्या पाहुणचाराची सुरुवात याच प्रश्नानं होते. तो पाहुणचार दरेकसापासून फार लांब, समुद्रात तरंगतो. आधी तिकडे एक फेरी मारू, मग रुळांवर परत येऊ.

पाहुणा येण्याआधी येणारा कागद

आलिशान यॉट आठवड्याच्या भाड्यानं घेणाऱ्या पाहुण्याला, बोटीवर पाय ठेवायच्या काही आठवडे आधीच, एक लांबलचक प्रश्नावली येते. कशाची ॲलर्जी आहे? सकाळी किती वाजता उठता? कॉफी कशी लागते, दूध कोणतं? मुलं काय खातात, काय बघूनच तोंड फिरवतात? मुक्कामात कुणाचा वाढदिवस येतो का? जेवण थाटात बसून हवं की किनाऱ्यावर वाळूत? आवडती फुलं कोणती, हेसुद्धा विचारतात. हा कागद आचाऱ्याच्या हाती गेल्याशिवाय बाजारहाट सुरू होत नाही. कारण भर समुद्रात कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नसतं. जे चढवलं नाही, ते नाही.

खर्चाची रीतही बघण्यासारखी आहे. बोटीचं भाडं वेगळं. खाणंपिणं, इंधन आणि बंदराची फी यांसाठी पाहुणा भाड्याच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास रक्कम आगाऊ कप्तानाकडे ठेवतो. कप्तान एकेका पावतीचा हिशेब लिहितो आणि सहलीच्या शेवटी उरलेले पैसे परत करतो. आपल्याकडे लग्नघरी आचाऱ्याला विसार देऊन सामानाची यादी घेतात, त्याचाच हा दर्यावरचा थोरला भाऊ.

आणि पाहुणे किती? बहुतेक भाड्याच्या यॉटवर जास्तीत जास्त १२. बोट कितीही मोठी असली, आत पोहण्याचा तलाव असला, तरी १२च. समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याला फार कडक नियम लागू होतात. म्हणजे आपल्या पंगतीची अर्धी ओळसुद्धा भरणार नाही इतक्या माणसांसाठी ती सगळी धावपळ. वाढणारे, रांधणारे, पुसणारे खलाशी मिळून अनेकदा पाहुण्यांपेक्षा जास्त भरतात.

हलतं ताट

शिडाच्या यॉटवरचा गॅस टेबलावर घट्ट बसवलेला नसतो. दोन बाजूंच्या खुंट्यांवर तो झुलता असतो. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते आणि भांड्यातली आमटी भांड्यातच राहते. शेगडीच्या आणि टेबलाच्या कडेला बोटभर उंचीचा कठडा असतो. जुन्या मोठ्या प्रवासी जहाजांवर खवळलेल्या समुद्रात एक साधी युक्ती करत: टेबलावरची चादर पाण्यानं ओली करायची. ओल्या कापडावरून बशी घसरत नाही. आपल्याकडे पाटा जागचा हलू नये म्हणून त्याखाली ओलं फडकं घालतात, तोच हा हिशेब.

केळ्याचं मात्र आपलं आणि खलाशांचं अजिबात पटणार नाही. पाश्चात्त्य मच्छीमारांत आणि दर्यावर्दींमध्ये बोटीवर केळं नेणं अपशकुनी मानलं जातं. काही कप्तान आजही केळ्याचा घड चढू देत नाहीत. आपल्याकडे सत्यनारायणाला केळीचे खांब, प्रसादाच्या शिऱ्यात केळं आणि ओटीतही केळं. मराठी कुटुंबानं यॉट घेतली आणि डेकवर पूजा मांडायची ठरवली, तर त्या प्रश्नावलीत एक ओळ ठळक लिहावी लागेल.

ज्यांना कुणी विचारलं नाही

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईच्या बंदरातून एक अठरा वर्षांचा मुलगा बोटीनं इंग्लंडला निघाला. घरच्यांना शब्द दिलेला, मांस खाणार नाही. बोटीवर जेवणाचं टेबल सजलेलं असायचं, पण कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. काट्या-चमच्यानं खायची सवय नव्हती. मग तो टेबलाकडे गेलाच नाही. घरून नेलेली मिठाई आणि फळं आपल्या खोलीत बसून खात राहिला. मोहनदास गांधींनी हे स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. त्या बोटीवर कुणी एक छापील कागद त्याच्या हातात ठेवला असता, तर काही आठवड्यांची ती लाजरी उपासमार टळली असती.

त्याच्या पाच वर्षं आधी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. सोबत मिशनरी बायका, पुढे जवळजवळ दोन महिन्यांचा समुद्र. आहार शाकाहारी ठेवायचा आणि पोशाख आपलाच ठेवायचा, हा त्यांचा निश्चय. बोटीवरच्या भटारखान्याला मराठी ब्राह्मण घरातल्या मुलीचा आहार कसा कळावा? डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या मुलीनं शिक्षणाइतकंच अवघड काम त्या बोटीवर रोज तीनदा केलं, असं मला मनापासून वाटतं.

शाकाहार ही आज यॉटवरच्या प्रश्नावलीतली नेहमीची खूण आहे. या दोघांच्या काळात ती नव्हती.

चांदीची गाडी, मराठी टेबल

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सोडवला. जयविलास राजवाड्यातल्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर रूळ घातलेले आहेत आणि त्यांवरून एक चांदीची छोटी आगगाडी फिरायची. डब्यांवर शिंद्यांचं नाव, डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि सिगार. गाडी पाहुण्यासमोर येई. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबे. सुरई परत ठेवली की पुढे निघे. कुणाला हवं, कुणाला नको, हे विचारायलाही वाढप्याला पुढे यावं लागत नसे. ज्याला नको त्यानं हात लावायचा नाही, गाडी पुढे जाते. ही गाडी आजही राजवाड्याच्या संग्रहालयात आहे, ग्वाल्हेरला गेलात तर चुकवू नका.

रेल्वेचं वेड असलेल्या याच घराण्यानं पहिल्या महायुद्धात एक मोठं प्रवासी जहाज घेऊन त्याचं रुग्णालय-जहाज केलं होतं, नाव ‘लॉयल्टी’. युद्धानंतर ते सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीकडे गेलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन त्याच सफरीमुळे.

धान्यासाठी आलेला रूळ

आता दरेकसाला परत.

या डोंगरातून जाणारा मार्ग मुळात जेवणासाठीच आला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८७०च्या दशकाच्या शेवटी दुष्काळानं देशाचा मोठा भाग होरपळून निघाला. छत्तीसगडच्या मैदानात धान पिकत होतं, पण ते बाहेर काढायला रस्ता नव्हता. म्हणून नागपूर ते राजनांदगाव असा मीटरगेज मार्ग टाकला गेला आणि १८८२ मध्ये तो पुरा झाला. नागपूर–छत्तीसगड रेल्वे असं त्याचं नाव. १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिनं हा मार्ग घेतला, रुंद केला आणि पुढे तो थेट बंगालला जोडला. मुंबई–हावडा हा १,९६८ किलोमीटरचा प्रवास दरेकसावरून होतो, तो या धानाच्या मार्गामुळे.

या बंगाल–नागपूर रेल्वेला, लोकांच्या तोंडी ‘बीएनआर’ला, पाहुणचाराचंही अंग होतं. रांचीला १९१५ मध्ये आणि पुरीला १९२५ मध्ये तिनं हॉटेलं बांधली. पुरीच्या हॉटेलाला लोक आजही ‘बीएनआर’ म्हणूनच ओळखतात. रेल्वेच्या जेवणघरांतून आणि भोजनाच्या डब्यांतून जन्मलेली सौम्य, कमी तिखटाची ‘रेल्वे मटण करी’ आज मोठमोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर दिसते. साहेबाला तिखट झेपत नाही हे ओळखून आचाऱ्यानं मिरची कमी केली. पाहुण्याच्या आवडीनं एक नवा पदार्थ जन्माला घातला, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

तारेनं मागवलेलं जेवण

यॉटची प्रश्नावली आज ईमेलनं जाते. शंभर वर्षांपूर्वी रेल्वेची तारेनं जात होती. वरच्या वर्गाच्या प्रवाशांना गार्ड विचारायचा, काय घेणार. पुढच्या स्टेशनावर तार जायची. गाडी पोचेपर्यंत स्टेशनच्या जेवणघरात तेवढी ताटं तयार.

त्या काळी डब्यातून डब्यात जायला आतून रस्ता नसे. गाडीला भोजनाचा डबा जोडलेला असला तरी तिथे जायचं म्हणजे एका स्टेशनावर उतरून पळत त्या डब्यात चढायचं, जेवायचं आणि पुढच्या थांब्यावर परत आपल्या डब्याकडे पळायचं. सूप आणि पुडिंग यांच्यामध्ये तीसएक मैल जायचे. जेवण लवकर संपलं तरी टेबलावरच बसून राहायचं, कारण बाहेर पडायला जागाच नाही.

खालच्या वर्गाचं काय? त्यांना कुणी विचारत नव्हतं. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिका लिहिली आणि ती लिहिली रांचीत, बीएनआरच्याच मुलखात. त्यातलं स्टेशनावरच्या खाण्यापिण्याचं आणि घाणीचं वर्णन वाचलं की आजच्या सीलबंद पाकिटाबद्दल कुरकुर करणाराही गप्प बसेल.

एक आवड मात्र तेव्हाची रेल्वे न विचारताच गृहीत धरायची: धर्म. अनेक स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळे, जेवणघरंही वेगवेगळी असत. आझाद हिंद सेनेचे जवान दिल्लीत कैदेत होते तेव्हा त्यांनाही सकाळी हिंदू चहा आणि मुसलमान चहा असा वेगळा दिला जाई. गांधीजी भेटायला गेले तेव्हा जवानांनी सांगितलं, आम्ही दोन्ही चहा अर्धा-अर्धा मिसळतो आणि वाटून पितो. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस रोज दरेकसावरून जाते. तिच्यात चहा घेताना ही गोष्ट आठवून बघा.

कोकणच्या खासदारानं काढलेली भिंत

याच मार्गावर २६ डिसेंबर १९७७ रोजी गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचं नाव असलेली ही गाडी मुंबई–हावडा मार्गाची पहिली वर्गभेद नसलेली जलद गाडी होती. तिला तेव्हा पहिला वर्गच नव्हता. रेल्वेमंत्री होते मधू दंडवते, राजापूरकडून लोकसभेत गेलेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालायचा निर्णयही त्यांचाच. पहिला वर्ग नव्हता, म्हणून पहिल्या वर्गाचं वेगळं ताटही नव्हतं. ही गाडी आजही सालेकसा–दरेकसाच्या जंगलातून धावते. तिच्या बाकावर बसून डबा उघडताना दंडवत्यांचं नाव घ्यावं, एवढं ते नाव मोठं आहे.

टेबलावर बसून

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी धावू लागली. तिचा भोजनाचा डबा आजही लोकांना प्रिय आहे. एका वेळी ३२ जणांना टेबलावर बसून खाता यायचं, आणि चीज टोस्टचा सुगंध आजही खंडाळ्याच्या घाटाइतकाच आठवणीत राहतो. २०२२ मध्ये नवे डबे आले, पण भोजनाचा डबा राहिला. पुणेकरांनी तो काढूच दिला नसता.

आणि खरी आलिशान, रुळांवरची यॉट म्हणावी अशी आपली डेक्कन ओडिसी. २००४ मध्ये ती सुरू झाली. महामारीत थांबली, २०२३ मध्ये पुन्हा निघाली. दोन भोजनगृहं, नाव ‘पेशवा’. बिछान्यापासून ताटापर्यंत सगळी बडदास्त यॉटसारखी. मराठी राज्याची ही गाडी दरेकसाच्या झाडीपर्यंत येत नाही, एवढी एकच तक्रार.

समुद्रावरही आपला एक प्रयत्न झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ जहाज सुरू झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्राखाली असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या उंचवट्यावरून ते नाव घेतलं, आणि त्या उंचवट्याला नाव मिळालं कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. कोकणच्या पूर्वीच्या बोटींतला प्रवासी शिदोरी सोडायचा आणि ‘बोट लागेल’ या भीतीनं पुन्हा बांधायचा. त्याच्या नातवंडांनी त्याच समुद्रात बसून मेन्यूकार्ड वाचलं, ही प्रगती लहान नाही.

वीस रुपयांपासून पुढे

आता सामान्य डब्याकडे. इथे प्रश्नावली नाही, पण दर ठरलेला आहे. स्टेशनवर सामान्य डब्याजवळ मिळणारं वीस रुपयांचं जेवण म्हणजे सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. पन्नास रुपयांत त्या-त्या भागातला एखादा पोटभरीचा पदार्थ. यॉटवर वाढलेल्या एका सॅलडच्या पानाला याहून जास्त खर्च येत असेल. तरी मला विचाराल तर लांबच्या प्रवासात सात पुऱ्यांना तोड नाही: गार झाल्या तरी खाता येतात, हाताला चिकटत नाहीत आणि शेजाऱ्याला एक देता येते.

राजधानीत पाहुण्याचा मान आणखी वाढतो. १ मार्च १९६९ रोजी दिल्ली–हावडा मार्गावर पहिली राजधानी सुटली आणि जेवण तिकिटातच आलं. बिलासपूर–नवी दिल्ली राजधानी दरेकसावरूनच जाते. सूप, सोबत काडीसारखी ब्रेडस्टिक आणि लोण्याची वडी, ही तिची ओळख बनली आहे. नागपूर–बिलासपूर वंदे भारत ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. सकाळी बिलासपूरहून येताना नाश्ता, दुपारी नागपूरहून परतताना चहा.

आणि इथेच एक खरी बातमी आहे, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटली. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वे मंडळानं आयआरसीटीसीला, म्हणजे रेल्वेच्या खानपान कंपनीला, मेन्यू बदलायची मोकळीक दिली. प्रादेशिक पदार्थ, हंगामी पदार्थ, सणासुदीचं खाणं, मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं जेवण, लहान मुलांचं अन्न, भरडधान्यांचे पदार्थ. म्हणजे यॉटच्या प्रश्नावलीतले अर्धे प्रश्न रेल्वेनं नियमानं विचारायची तयारी दाखवली. आता विचारणारा हवा आणि उत्तर देणारा हवा.

फोनवरून मागणीची वेगळी सोय आहेच: १३२३ या क्रमांकावर पीएनआर सांगा आणि पुढच्या मोठ्या स्टेशनावर हवं ते जेवण सीटवर घ्या. गार्डनं पाठवलेली ती तार आता प्रवाशाच्या खिशात आली आहे.

सांबार मागितलं, कोथिंबीर आली

या मार्गावर जेवण मागवताना एक शब्द जपून वापरावा. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. नागपूरची सांबारवडी कोथिंबिरीनं भरलेली असते, तिच्यात डाळीचं सांबार शोधू नये. बाहेरून आलेला वाढपी आणि गोंदियाचा प्रवासी यांच्यात ‘थोडा सांबार टाका ना’ यावरून किती घोळ झाला असेल! टमाट्याला इथली जुनी माणसं भेदरं म्हणतात. अळूच्या कंदाला कोचई म्हणतात, आणि आंबटसर रश्शातली कोचई भातासोबत खाल्ली की दुसरं काही मागावंसं वाटत नाही. नागपूरला तर्री-पोहे, गोंदियाच्या बाजूला शिंगाडे, चारोळी आणि मोहफुलं. रायगडच्या आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, माणसाला एकच ‘महाराष्ट्रीयन थाळी’ वाढणाऱ्यानं हे लक्षात घ्यायला हवं.

सगळ्यात जुनी प्रश्नावली

आता या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ती यॉटवरची नाही आणि राजधानीतलीही नाही. ती दरेकसाच्या जंगलात आहे.

दरेकसाहून पुढे डोंगरात कचारगडच्या गुहा आहेत. गोंड समाजासाठी ही फार पवित्र जागा. गोंडी परंपरा सांगते की काली कंकालीच्या ३३ मुलांना एका गुहेत कोंडून ठेवलं होतं, दारावर मोठा दगड होता. पहांदी पारी कुपार लिंगोंनी त्यांना सोडवलं. हिरासुका पाटारीच्या किंगरीच्या सुरांनी त्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी दगड ढकलला आणि त्या दगडाखाली हिरासुकाचाच जीव गेला. जंगो रायताडनं मुलांना मायेनं वाढवलं. दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि आणखी दूरहून लाखो माणसं इथे येतात, एकमेकांना ‘सेवा जोहार’ म्हणतात.

गोंडी परंपरेत ७५० गोत्रं सांगितली आहेत. प्रत्येक गोत्राकडे तीन जिवांची राखण: एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड. त्या गोत्राच्या माणसानं आपल्या त्या तिघांना मारायचं नाही, तोडायचं नाही आणि खायचं नाही. हिशेब करा: ७५० गुणिले ३, म्हणजे २,२५० जीव. ज्याच्या गोत्राकडे ज्याची राखण, त्याच्या ताटात तो जीव येत नाही. शेजारच्या गोत्राला तो चालतो, पण त्याच्याकडे दुसऱ्याची राखण असते. सगळ्या गोत्रांचे नियम एकत्र केले की जंगलातल्या कुठल्याही जिवावर सगळ्यांची भूक एकदम तुटून पडत नाही.

यॉटची प्रश्नावली विचारते, ‘तुम्हाला काय नको?’ आणि त्या उत्तरातून एक माणूस समाधानी होतो. गोंड गोत्रानं तोच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आधी विचारला आणि त्या उत्तरातून जंगलातला एक-एक जीव वाचवला. आलिशान बोटीच्या आचाऱ्याला इथे शिकायला भरपूर आहे, आणि मला वाटतं, आपल्या सगळ्या लग्नांच्या जेवणावळींनाही.

कचारगडच्या यात्रेत जाणार असाल तर ही गोष्ट मनात ठेवा. कुणाच्या घरी किंवा कुणाच्या पालावर जेवायला बसलात, तर तुमचं आवडतं मांस मागण्याआधी त्यांचं गोत्र विचारा.

चिन्नोरचं नाव ताटावर हवं

शेवटची बाब तांदळाची. गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इथला सुगंधी चिन्नोर तांदूळ ही इथली शान. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही २०२१ मध्ये ते मिळालं. बारीक दाणा, शिजताना येणारा वास घरभर, आणि गार झाला तरी मऊ राहतो. गाडीतल्या जेवणाला आणखी काय हवं?

१८८२ मध्ये या डोंगरातून रूळ आला तो इथलं धान बाहेर नेण्यासाठी. आज त्याच मार्गावर, त्याच डोंगरातून राजधानी धावते आणि ट्रेवर भात येतो. तो भात कुठल्या गावाचा, कुठल्या जातीचा, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. २०२२ च्या परिपत्रकानं प्रादेशिक पदार्थांना दार उघडलं आहे. आयआरसीटीसीनं नागपूर–बिलासपूर मार्गावरच्या जेवणात चिन्नोरचा भात आणि कोचईची भाजी ठेवावी, नाश्त्यात चारोळी घातलेली खीर द्यावी, आणि पाकिटावर ‘झाडीपट्टीचं’ असं लिहावं.

तोपर्यंत, वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी या मार्गावरच्या गाडीचं तिकीट काढाल तेव्हा जेवणाची ती छोटी चौकट रिकामी सोडू नका. प्रवासानंतर प्रतिक्रिया विचारली तर एकच ओळ लिहा: चिन्नोर हवा.